गुरुजींची लावणी

प्रस्तावना

ऐरणीपुढं उभी राहून लोहाराची बायको देवाशी बोलते, ते ‘साधी माणसं’मधलं गाणं कुणीतरी बसून लिहिलेलं असेल, असं मला लहानपणी कधी वाटलंच नव्हतं. आजीच्या तोंडी ते जात्यावरच्या ओव्यांच्या मध्येच कुठंतरी यायचं. ओवी कुठं संपली आणि गाणं कुठं सुरू झालं, याचा सांधा तिला दिसत नव्हता, म्हणून मलाही दिसला नाही. पुढं कॉलेजात असताना कुणीतरी म्हणालं, की हे गाणं लिहिणारे खेबुडकर इथंच कोल्हापुरात राहतात, पेशानं शिक्षक. मी ऐकून घ्यायला तयार नव्हतो. असली गाणी लिहायची नसतात, ती असतातच, अशी माझी पक्की समजूत होती.

हे पुस्तक त्या समजुतीतून निघालं आहे. गाणं इतकं लोकांचं होऊन जातं, की ते लिहिणारा हात पुसला जातो. लोकगीताच्या वाटेनं जाणाऱ्या गीतकाराला याहून मोठा मान नाही, आणि त्याच्यावर याहून मोठा अन्यायही नाही. या पुस्तकात तो हात पुन्हा शोधायचा प्रयत्न आहे. तो कुठं थांबला, कुठं खोडलं, कुठल्या अक्षरावर त्यानं गाणारीला श्वास घ्यायला जागा ठेवली, हे पाहायचं आहे.

जगदीश खेबुडकरांचा जन्म १० मे १९३२ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. ३ मे २०११ ला ते कोल्हापुरातच गेले, एकोणऐंशी पुरी व्हायला आठवडा राहिला होता. सव्वातीनशेच्या आसपास चित्रपट आणि पावणेतीन हजारांच्या घरात चित्रपटगीतं, हे आकडे त्यांच्या नावापुढं नेहमी दिले जातात. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवर ते पसरले, तर आठवड्याला एकाहून जास्त गाणी होतात. हा वेग खोलीत बसून कविता लिहिणाऱ्याचा नव्हे. रात्री नवा सवाल आला की पहाटेपर्यंत जवाब तयार ठेवणाऱ्या फडावरच्या शाहिराचा तो वेग आहे. इतक्या गाण्यांतली सगळी चांगली कशी असतील? कितीतरी नुसती प्रसंग भरून काढणारी आहेत, आणि काही तर निर्मात्याला हवी तेवढी आणि तेवढीच आहेत. त्यांच्यावर या पुस्तकात वेळ घालवलेला नाही. पण जी शंभरेक गाणी उरतात, ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसाच्या तोंडात अशी बसली आहेत, की त्यांच्याशिवाय इथली वरात निघत नाही आणि गणपतीचा मांडव उठत नाही.

त्यांच्या जन्माचं साल मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्याच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. मराठीतला तो पहिला बोलपट, आणि तो घडला कोल्हापुरात, तीनच वर्षांपूर्वी इथं उभ्या राहिलेल्या प्रभात फिल्म कंपनीत. दिग्दर्शक व्ही. शांताराम, याच मातीतले. म्हणजे मराठी सिनेमाला ज्या गावात वाचा फुटली, त्याच गावाच्या आसपास त्याच वर्षी त्या वाचेला शब्द देणारं एक पोर जन्मलं होतं. बरोबर चाळीस वर्षांनी, १९७२ साली, शांतारामबापू आणि खेबुडकर ‘पिंजरा’त एकत्र आले. दोन तारखा जुळल्या म्हणून कुणी मोठा होत नाही. पण या गावात शिवणाऱ्या शिंप्याला, रंगकाम करणाऱ्या पेंटरला, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिराला सिनेमाचं काम मिळायचं. तिथं शाळामास्तराला गाणं लिहायला बोलावलं, तर त्यात कुणाला नवल वाटत नसे. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. स्टुडिओ इथंच राहिले, माणसं राहिली, आणि भालजी पेंढारकर राहिले.

भालजींचं नाव घेतलं की १९४८ साल येतं. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. मारणारा ब्राह्मण होता, हे कळताच कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सोळाव्या वर्षाला टेकलेल्या खेबुडकरांचं राहतं घरही त्याच जाळपोळीत गेलं. त्यानंतर त्यांनी जी दीर्घ कविता लिहिली, तिचं नाव होतं ‘मानवते तू विधवा झालीस’. कवी म्हणून त्यांची सुरुवात तिथं धरली जाते. ते नाव वाचताना मला त्यातला संस्कृत वळणाचा, पाठ्यपुस्तकातला ‘मानवते’ हा शब्द दिसतो. सोळा वर्षांच्या शिकलेल्या मुलाला दुःख बोलायला तेव्हा हीच भाषा हाताशी होती. पुढच्या सतरा वर्षांत हा माणूस कुठून कुठं गेला, ते ‘साधी माणसं’मध्ये ऐकू येतं.

तो चित्रपट १९६५ चा, भालजींचा. घर जळालेला गीतकार आणि स्टुडिओ जळालेला दिग्दर्शक एका लोहाराच्या भट्टीपाशी भेटले होते. नायक लोहार, सूर्यकांत. त्याची बायको जयश्री गडकर. संगीत ‘आनंदघन’ यांचं, आवाज लता मंगेशकरांचा. आनंदघन म्हणजे लताबाईच, हे त्या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले तेव्हा लोकांना कळलं. या गाण्यात ठिणगी ही देवाला वाहायची वस्तू आहे. फूल नाही, नैवेद्य नाही. भट्टीतून जे उडतं, अंगावर पडलं तर चटका देतं, तेच ओंजळीत घेऊन देवापुढं ठेवायचं. ज्याचं घर आगीनं नेलं, त्यानं आगीला पूजेचं साहित्य केलं, असं मी म्हणतो तेव्हा ही माझी जोडणी आहे, हे वाचकानं लक्षात ठेवावं. खेबुडकरांनी असा खुलासा केल्याचा पुरावा माझ्याकडं नाही. पण तो गाण्याचा प्रसंग सांगून कुणालाही लिहायला दिला असता, तर घामाचं गाणं आलं असतं, कष्टाचं आलं असतं. ठिणगी वाहायची कल्पना आगीकडं फार वेळ पाहिलेल्या माणसाला सुचते.

आणि भाषा पाहा. ‘मानवते’पासून तो ‘न’च्या भाषेपर्यंत आला आहे. शाळेत मास्तर ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला थांबवतो आणि ‘पाणी’ म्हणायला लावतो. तो त्याच्या नोकरीचाच भाग असतो. खेबुडकर दिवसा शिक्षक होते. रात्री मात्र त्यांना लोहाराच्या बायकोच्या तोंडचा ‘ण’ काढून तिथं ‘न’ बसवायचा होता, आणि तो चेष्टा म्हणून नव्हे, पूर्ण आदरानं. गावाकडची बोली नाटकात-सिनेमात बहुतेक वेळा हसवायला आणलेली असायची. नोकर बोलायचा, गडी बोलायचा. देवाशी बोलताना ती बोली वापरायची म्हणजे तिला अभंगाच्या शेजारी बसवणं होतं. तुकोबांनी ते केव्हाच केलं होतं. सिनेमाला ते पुन्हा शिकावं लागलं.

ही बोली कुठल्या एका गावची नाही, हेही सांगायला हवं. आमच्या कोल्हापुरात बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा चमकतो. खेबुडकरांच्या लावणीतली बाई मात्र ‘आले’ म्हणते, ‘गेले’ म्हणते. तिला नागपुरातल्या आणि नाशकातल्या थिएटरातही बोलायचं आहे. म्हणजे त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या अनेक गावांतून शब्द उचलून एक भाषा घडवली. ती सगळ्यांना आपल्या शेजारच्या गावची वाटते. ही कारागिरी सहज दिसत नाही, कारण ती जमली की भाषा घडवलेली वाटतच नाही.

चित्रपटातली त्यांची पहिली मोठी लावणी ‘रंगल्या रात्री अशा’मधली, १९६२ ची. संगीतकार वसंत पवार, गायिका सुलोचना चव्हाण. ती बाई आपली ओळख सांगते ती कोल्हापूरच्या नावानं आणि मिरचीच्या तिखटपणानं. आज ही जोडी इतकी रुळली आहे, की कोल्हापूर म्हटलं की तिखट हे जणू आधीपासूनच ठरलेलं होतं, असं वाटतं. तांबड्या रश्श्याच्या कीर्तीत या लावणीचाही वाटा आहे. सुलोचनाबाईंच्या गळ्यात शब्दाला एक ठसका यायचा. जोडाक्षर आलं की त्या ते नुसतं म्हणत नसत, फेकत. खेबुडकरांनी तो गळा ओळखून अक्षरं निवडली, हे त्या लावणीतले ‘च’ आणि ‘ग’ ऐकले की कळतं. दोन वर्षांनी अनंत मान्यांच्या ‘सवाल माझा ऐका’त हीच मंडळी पुन्हा जमली, आणि त्यातल्या लावण्यांनी मग पुढची कित्येक वर्षं जत्रेतले कर्णे दमवले.

लावणी लिहिणं म्हणजे काय करणं, हे थोडं उलगडून सांगतो, कारण पुढची प्रकरणं त्यावरच उभी आहेत.

पहिली गोष्ट, लावणीत ऐकणारा माणूस गाण्यातच असतो. भावगीतातली व्यक्ती स्वतःशी बोलू शकते. लावणीतली बाई कुणाला तरी उद्देशून बोलते: राया, पाटील, पाव्हणं, सख्या. तो समोर बसलेला आहे, फेटा बांधून. त्याला नुसतं सांगून भागत नाही. त्याला विचारायचं, डिवचायचं, अडकवायचं, आणि शेवटच्या ओळीत मोकळा सोडायचा की नाही ते तिच्या मनावर ठेवायचं. खेबुडकरांच्या चांगल्या लावणीत पहिल्याच ओळीत कळतं की समोर कोण आहे, त्याचं वय काय, गावात त्याचा मान किती. दोन-चार शब्दांत इतकं सांगायला नाटककाराचं अंग लागतं.

दुसरी गोष्ट ढोलकी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फार्सी शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, ‘छंदोरचने’त मराठी गाण्यांच्या चालींची आवर्तनं मोजून दाखवली. आठ मात्रांचं ते पद्मावर्तन, सहा मात्रांचं ते भृंगावर्तन. लावणी बहुतेक आठाच्या घरात नांदते. ढोलकीवाला मात्र पुस्तक वाचत नाही. त्याला सम कुठं आहे ते शब्दानं सांगावं लागतं. समेवर जर मऊ, हवेचं अक्षर आलं, तर थाप पोकळ वाटते. तिथं ‘ड’, ‘ट’, ‘ग’, ‘ब’ असलं अक्षर आलं की ढोलकी आणि शब्द एकाच वेळी पडतात आणि बाकावरचा माणूस शिट्टी मारतो. आणि ओळीच्या शेवटी याच्या उलट हवं. ‘नदीकाठ’ असा शब्द ओळीच्या टोकाला ठेवला, तर गाणारीचं तोंड ‘ठ’वर बंद होतं. ‘नदीच्या काठाला’ म्हटलं, तर शेवटचा ‘आ’ तिला हवा तेवढा लांबवता येतो, त्यात मुरकी घेता येते, ढोलकीवाल्याकडं बघून हसता येतं. अर्थ तोच. पण पहिली ओळ कागदावरची आहे आणि दुसरी बोर्डावरची.

तिसरी गोष्ट, चाल बहुतेक वेळा आधी असते. संगीतकार हार्मोनियमवर तोंडा वाजवतो, दिग्दर्शक प्रसंग सांगतो, आणि गीतकारानं त्या साच्यात शब्द ओतायचे. कवितेच्या वर्तुळात याला कमी लेखायची पद्धत आहे. मला ते कधी पटलं नाही. आपले शाहीर जुन्या चालींवरच नवं कवन बांधत आले. होनाजी, रामजोशी, प्रभाकर यांच्या लावण्यांच्या चाली पुढच्यांनी उचलल्या, त्यांच्यावर पोवाडे आणि पदं रचली, आणि त्यात कुणाला चोरी दिसली नाही. तिकडं अमेरिकेत वुडी गथ्री (१९१२–१९६७) हेच करत होता: चर्चमधली, डोंगराळ भागातली माहीत असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर दुष्काळात घर सुटलेल्या शेतकऱ्याचे शब्द घालायचे. ऐकणाऱ्याला अर्धं गाणं आधीच येत असतं, म्हणून उरलेलं अर्धं त्याच्या थेट आत जातं. आपल्या वाळवे तालुक्यातल्या अण्णाभाऊ साठ्यांनी गिरणगावात उभं राहून तमाशाच्याच घाटात कामगारांचं दुःख भरलं, त्यामागंही हीच जाण होती. अण्णाभाऊंचा रस्ता चळवळीचा, खेबुडकरांचा सिनेमाचा. दोघांच्या पायाखालची वाट मात्र फडावरूनच निघाली होती.

आता ‘पिंजरा’. या पुस्तकाचा मध्य तोच आहे, आणि त्याचं कारण त्याची लोकप्रियता नाही.

मूळ कथा परदेशी आहे. हाइनरिख मान यांच्या कादंबरीवरून १९३० साली जर्मन भाषेत ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट निघाला होता, त्यावरून ‘पिंजरा’ बेतला. तिकडच्या हायस्कूलमधला प्राध्यापक इकडं खेड्यातला गुरुजी झाला आणि तिकडची कॅबरे गायिका इकडं तमाशातली चंद्रकला झाली. या बदलात पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या लेखणीचा मोठा हात आहे. गुरुजी, श्रीधरपंत, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. तमाशानं गाव बिघडेल म्हणून ते फड गावाबाहेर काढतात. चंद्रकला सूड म्हणून त्यांना नादी लावते, आणि शेवटी गुरुजी त्याच फडात हातात तुणतुणं घेऊन मागं उभे राहतात. इकडं गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारतं. आपल्याच खुनाच्या आरोपाखाली ते फाशी पत्करतात, पण पुतळ्याला तडा जाऊ देत नाहीत.

या गोष्टीतल्या लावण्या लिहिल्या त्या एका शिक्षकानं. मला वाटतं, ‘पिंजरा’कडं आजवर या बाजूनं पुरेसं पाहिलं गेलेलं नाही. कथेतला गुरुजी लावणीला पाप समजतो आणि तिच्यात बुडतो. कथेबाहेरचा गुरुजी शाळेत शिकवतो, आणि लावणी पाप नाही हे ठाऊक असल्यासारखी लिहितो. दोघांमध्ये ते तुणतुणं आहे. तमाशात तुणतुणंवाल्याला कुणी पाहत नाही. तो मागं उभा राहून एक सूर धरून ठेवतो, त्याच्यावर पुढचं सगळं उभं असतं. गीतकाराची जागा तीच. राम कदमांची चाल, उषा मंगेशकरांचा आवाज, संध्याबाईंचं नृत्य हे लोकांना आठवतं आणि आठवायलाच हवं. मिरजेकडच्या मातीतून आलेल्या राम कदमांनी ढोलकीला जो मान दिला, तो आणखी कुणी क्वचितच दिला असेल. पण त्या लावण्या एकामागून एक ऐका, फक्त शब्दांकडं लक्ष देऊन. सुरुवातीच्या लावण्यांत बाई खेळते आहे, समोरच्याला खिजवते आहे. हळूहळू शब्द जड होत जातात, उचकी लागते, आठवण येते, आणि शेवटाकडं नशिबानं केलेल्या थट्टेचं गाणं येतं, ते पुरुषाच्या आवाजात, विष्णू वाघमाऱ्यांच्या. म्हणजे चंद्रकलेचं मन कसं बदललं आणि गुरुजींचं काय झालं, हे गाण्यांच्या रांगेवरूनच समजतं. संवाद काढून टाकले तरी गोष्ट उभी राहील.

तीनच वर्षांनी ‘सामना’ आला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. साखर कारखान्याच्या राजकारणाची ती गोष्ट, तिच्यातही लागू एका मास्तराच्याच भूमिकेत. त्यातही खेबुडकरांची लावणी आहे, लता मंगेशकरांच्या आवाजातली, घायाळ हरिणीची. पुण्या-मुंबईचे प्रायोगिक नाटकवाले जेव्हा ग्रामीण महाराष्ट्राकडं वळले, तेव्हा त्यांनाही लावणीसाठी कोल्हापूरच्या या माणसाकडंच यावं लागलं. ही लावणी ‘पिंजरा’तल्यांसारखी ठसक्याची नाही. ती संथ आहे, बैठकीच्या अंगाची. शब्द कमी आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा पुष्कळ. जो माणूस समेवर ‘ड’ आणि ‘ट’ आदळायचा, त्यानंच इथं ‘घ’, ‘य’, ‘ळ’, ‘र’ अशी वाहणारी अक्षरं घेतली.

लोकांना नेहमी प्रश्न पडतो, की लावणी लिहिणाऱ्यानंच ‘अष्टविनायक’मधलं (१९७९) आठ गणपतींच्या महिम्याचं लांबलचक गाणं कसं लिहिलं? किंवा ‘आम्ही जातो आमुच्या गावा’साठी, ‘पिंजरा’च्याच वर्षी, देहाला तिजोरी म्हणून देवाला दार उघडायला सांगणारं भजन कसं लिहिलं, जे बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात आज देवळातही लागतं? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तमाशा पाहिलेल्या माणसाला तो पडणार नाही. तमाशाची सुरुवातच गणानं होते. आधी गणपती, मग गौळण, मग बतावणी, मग लावणी, मग वग. एकाच रात्री, एकाच बोर्डावर, त्याच ढोलकीवर. देवाचं आणि देहाचं अशी वाटणी नंतरच्या, शहरातल्या माणसानं केली. खेबुडकरांच्या एकूण गाण्यांकडं एक अखंड तमाशा म्हणून पाहिलं, तर सगळं आपापल्या जागी बसतं. ‘अष्टविनायक’ हा त्यातला गण.

एक गोष्ट मात्र त्या तमाशाच्या घाटातही बसत नाही, आणि ती मला सगळ्यांत जास्त प्रिय आहे. ‘आराम हराम आहे’ (१९७६) मधलं पाखराला उद्देशून लिहिलेलं गाणं. तिथं पिंजरा सोन्याचा आहे आणि पाखराला तो सोडायला सांगितलं आहे. चार वर्षांपूर्वी ज्या माणसानं ‘पिंजरा’तलं अडकणं लिहिलं, त्यानंच हे सुटणं लिहिलं. हे गाणं शाळाशाळांतून म्हटलं गेलं. माझ्या शाळेत शनिवारच्या कवायतीनंतर व्हायचं. इथं दिवसाचा मास्तर आणि रात्रीचा गीतकार यांच्यातली भिंत पडलेली आहे. शिक्षकाला मुलांना जे सांगायचं असतं, ते यात सरळ सांगितलं आहे, आणि तरी ते गाणंच आहे.

एक अवघड गोष्ट मला टाळायची नाही. लावणी पिढ्यान् पिढ्या ज्यांनी जगवली, त्या कोल्हाटी, डोंबारी, महार, मातंग समाजांतल्या बायका होत्या. यमुनाबाई वाईकरांसारखी बाई एकेक शब्द दहा तऱ्हांनी अदा करून दाखवायची आणि आयुष्याचा मोठा काळ हलाखीत काढायची. विठाबाई नारायणगावकरांनी फड सांभाळला, कर्ज सांभाळलं. सिनेमात लावणी आली ती शिकलेल्या पुरुषाच्या लेखणीतून, पार्श्वगायिकेच्या आवाजात. फडावरच्या बाईनंच मग तीच चित्रपटगीतं म्हणायला सुरुवात केली, कारण प्रेक्षक तीच मागायचा. यात काही मिळालं, काही गेलं. जे गेलं त्यात बैठकीच्या जुन्या लावण्या आहेत, ज्यांचे शब्द आता मोजक्या घरांत उरले आहेत. हा हिशेब खेबुडकरांच्या एकट्याच्या नावावर मांडणं चुकीचं होईल. वाळवे तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुलकर्णीपणाची चौकट मोडून पठ्ठे बापूराव झाले, फडावरच राहिले, आणि १९४५ मध्ये गरिबीत गेले. खेबुडकरांनी नोकरी सांभाळली, घर सांभाळलं, कोल्हापूर सोडलं नाही. दोन वेगळे रस्ते आहेत. मला दोन्ही कळतात. पण फडावरच्या बायकांचं ऋण या पुस्तकात मोकळेपणी नोंदवलेलं आहे, आणि एक पूर्ण प्रकरण त्यांच्या अदाकारीनं लिहिलेल्या शब्दाचं काय होतं यावर आहे.

पुस्तकाची मांडणी सालवार नाही. गाणी प्रसंगांप्रमाणं लावली आहेत: कोण बोलतंय, कुणाशी, कुठं उभं राहून. प्रत्येक गाण्याच्या नोंदीत चित्रपट, साल, संगीतकार आणि गाणाऱ्याचं नाव दिलं आहे, कारण यांतला एकजण जरी काढला, तर गाणं अर्धं होतं. गाण्यांचे पूर्ण शब्द मुद्दाम छापलेले नाहीत. ते ऐकावेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी गाणं लावावं, मग प्रकरण वाचावं, आणि मग पुन्हा एकदा लावावं. दुसऱ्यांदा ऐकताना एखादं अक्षर नव्यानं कानावर पडलं, तर माझ्या दोन वर्षांच्या कष्टाचं चीज झालं असं मी समजेन.

आजी आता नाही. शेवटच्या वर्षांत तिला मी सांगितलं होतं, की लोहाराचं ते गाणं एका मास्तरांनी लिहिलंय. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्यांच्या घरात ऐरण हुती व्हय रे?” मी म्हणालो, नव्हती. घर जळालं होतं त्यांचं, अठ्ठेचाळीस साली. तिनं मान हलवली. तिनंही त्या दिवसांत आभाळ तांबडं झालेलं पाहिलं होतं, आणि त्याबद्दल ती आयुष्यभर फार थोडं बोलली होती. त्या दुपारी मात्र ती बोलत राहिली. कुठल्या गल्लीतून धूर दिसला, कुणी कुणाला लपवलं, कुणी दार उघडलं नाही. तिनं सांगितलेल्या त्या दिवसांपासूनच पहिलं प्रकरण सुरू होतं.